जोडपत्रासह

पहिली खुर्ची आबांनी फिरवली. मांडवाच्या तोंडाशी तलाठी वही घेऊन बसला होता. तिच्यात नाव, गाव, धंदा लिहून त्यांनी सही केली, आत आले, पहिल्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि व्यासपीठाकडे पाठ करून बसले. त्यांच्यामागून आलेल्या होड्यांवरच्या तांडेलांनी तेच केलं. मग बायका आल्या, त्यांनीही. अकरा वाजता दांडवेळच्या कातळावर घातलेल्या त्या मांडवात चारशे बारा माणसं होती आणि त्यांतल्या एकाचंही तोंड आम्हाला दिसत नव्हतं.

आम्हाला म्हणजे व्यासपीठावरच्यांना. मधल्या खुर्चीवर अपर जिल्हाधिकारी देवस्थळी साहेब, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांच्या उजव्या हाताला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी गुळवे, डावीकडे कंपनीचे तीन इंजिनिअर, आणि कडेला एका डुगडुगत्या टेबलाशी मी, जिल्हा कचेरीतली मराठी लघुलेखक, सौ. कुंदा मयेकर. माझं काम सरळ होतं. जो जे बोलेल ते लिहून घ्यायचं, शेवटी त्याचं इतिवृत्त करायचं, ते लोकांना वाचून दाखवायचं आणि त्यावर साहेबांची सही घ्यायची. अणुवीज प्रकल्पाला मंजुरी द्यायची की नाही हे दिल्लीत ठरणार होतं. पण त्याआधी गावाचं म्हणणं ऐकलं पाहिजे असा कायदा आहे, आणि दिल्लीला गावाचं म्हणणं कळणार होतं ते माझ्या कागदावरून.

दांडवेळ हे माझं माहेर आहे हे कचेरीत कोणालाही ठाऊक नव्हतं. सेवापुस्तकात नाव नवऱ्याकडचं, पत्ता जिल्ह्याच्या गावचा. दुसरे लघुलेखक तापाने पडले म्हणून सकाळी मला जीपमध्ये बसवलं आणि मीही काही बोलले नाही. न विचारलेलं न सांगायची सवय चौदा वर्षांच्या नोकरीत चांगली मुरते.

तर समोर नुसत्या पाठी. त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या होत्या. शिवराम पालशेतकराचा एक खांदा वर, एक खाली, कारण आयुष्यभर तो एकाच बाजूने जाळं ओढत आला. द्रुपदाआतेचा सुपारीएवढा अंबाडा आणि त्यात अबोलीचा वळेसर, सुनावणीलासुद्धा. आणि बरोबर माझ्या समोर, दहा हातांवर, आबांची मान. उन्हाने करपून तिच्यावर आडव्या घड्या पडल्या होत्या. मी त्या मानेवर बसून जत्रा पाहिलेल्या आहेत.

पाठमोरं बसणं हा आमच्या गावचा नकार. जाकादेवीच्या देवळात सभा भरते, तिथे एखादी गोष्ट निघाली आणि ती नको असली तर आमच्यात कोणी भांडत नाही. उठतो, फिरतो आणि पाठमोरा बसतो. निम्म्याहून जास्त पाठी झाल्या की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही. का नको हे सांगायचं नाही. सांगितलं की समोरचा उत्तर देणार, उत्तर आलं की बोलणी सुरू होणार. आणि सभा उठायच्या आत जो वळेल, त्याची होडी किनाऱ्यावर ओढायला गावाचा हात लागत नाही. मी शाळेत असताना एकाच्या होडीला दोन वर्षं लागला नव्हता. शेवटी त्याने होडी विकून टाकली आणि गाव सोडलं.

प्रकल्पाच्या बाबतीत गावाने तेच ठरवलं होतं. लेखी हरकती पाठवायला महिनाभराची मुदत होती. एकही अर्ज आला नाही, कारण अर्ज केला म्हणजे विचारणाऱ्याचा अधिकार मान्य केला, असं आबांचं म्हणणं. गावकीचे प्रमुख तेच, त्यांचा शब्द शेवटचा. देवळात हे सगळं चोख चालत आलेलं होतं. पण सरकारी कागदावर पाठीला रकाना नसतो. कायद्यात एवढंच लिहिलंय की जे बोललं जाईल ते नोंदवा. काहीच बोललं गेलं नाही तर तेही नोंदवा.

हे त्या मांडवात व्यासपीठावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मांडवातल्या कोणालाही माहीत नव्हतं.

कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. अणुभट्ट्या इथे, समुद्रात भिंत इथे, थंड करायला घेतलेलं पाणी परत सोडायचं ते इथे, काळ्या खडपाच्या खडकांजवळ. सुरक्षेसाठी किनाऱ्यापासून पाच किलोमीटर समुद्र होड्यांना बंद. म्हणजे आमच्या खाडीचं तोंडच बंद, हे त्यांनी सांगितलं नाही, पण नकाशावर लाल रंगाने दिसत होतं. ते लाल फक्त आम्हाला दिसत होतं, कारण पडदा आमच्या बाजूला होता आणि माणसं समुद्राकडे बघत बसली होती. कंपनीने कोकम सरबताची पिंपं ठेवली होती, त्यांना कोणी हात लावला नाही. मे महिन्याचा कातळ तापून मांडवात वाफ कोंडली होती, तरी चारशे बारा माणसांतलं एक माणूस खोकलं नाही.

देवस्थळी साहेबांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. कोणाला प्रश्न, सूचना, हरकत असल्यास त्यांनी पुढे यावं. थांबले. घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाले, थोडं सोपं करून. पुन्हा थांबले. बंदोबस्ताचा पोलीससुद्धा त्यांच्याकडे दयेने पाहायला लागला. मग ते माझ्या टेबलाकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “मयेकर, तुम्ही या किनाऱ्याकडच्या ना? हा काय प्रकार आहे?”

“नकार असेल, साहेब.”

“असेल म्हणजे? ‘असेल’ हे मला लिहिता येत नाही. तोंडाने म्हणू दे, एका शब्दात म्हणू दे, मी घेतो.”

ते मनापासून म्हणत होते. देवस्थळी वाईट माणूस नव्हता. तो कागदाचा माणूस होता, आणि कागदाच्या बाहेर पाऊल टाकायची त्याला भीती वाटायची, तशीच मलाही वाटायची. मी मान खाली घालून वहीत वेळ टिपली. बारा वाजून दहा मिनिटं, अध्यक्षांचे दुसरे आवाहन, प्रतिसाद नाही.

एकला तिसरं आवाहन झालं. गुळव्यांनी पायजम्याची नाडी सोडवावी तितक्या सहज सुटकेचा श्वास सोडला आणि मला सांगायला सुरुवात केली. “लिहा. अध्यक्षांनी तीन वेळा आवाहन करूनही उपस्थितांपैकी कोणीही हरकत अथवा सूचना नोंदवली नाही. पूर्णविराम. जोडपत्र अ, उपस्थितांची यादी.” तलाठ्याची वही माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले की शेवटच्या रकान्यात, ‘हरकत’ लिहिलंय तिथे, पहिल्या नावापुढे ‘नाही’ लिहा आणि खाली रेघ ओढा.

हे कचेरीत रोज चालतं. वर एकदा लिहायचं आणि रेघ ओढायची. क्रमांक एकला गंगाराम भिकाजी होडेकर असं आबांचं नाव होतं, त्यांच्या वाकड्या पण ठाम अक्षरात. त्यापुढे मी ‘नाही’ लिहिलं. मग फूटपट्टी लावली आणि रेघ ओढली, पान संपलं की पुढच्या पानावर, अशी सोळा पानं. फूटपट्टीमुळे रेघ सरळ आली.

त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. खोटं असतं तर कोणी तरी कोर्टात गेलं असतं. हा कागद दिल्लीला गेला असता आणि तिथल्या कोणा भल्या माणसाने वाचलं असतं, दांडवेळची चारशे बारा माणसं सुनावणीला आली आणि एकाचीही हरकत नव्हती. माझा बाप घरी जाऊन म्हणाला असता, आपण त्यांना पाठ दाखवली, आता ते पुन्हा यायचे नाहीत.

“वाचायची काही जरुरी नाही,” गुळवे देवस्थळींना म्हणाले. “ऐकणार कोण? करा सही, निघू. घाटात ट्रक अडकले की पंचाईत.” साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

“साहेब,” मी म्हणाले, “वाचून दाखवावं लागतं. नियमात आहे.”

चौदा वर्षांत मी चारचौघांत साहेबाला नियम सांगितला नव्हता. पुढे त्यापायी खुलासा द्यावा लागला, घाटावर बदली झाली, ते जाऊ द्या. गुळव्यांनी माझ्याकडे एखादं टेबल बोललं असावं तसं पाहिलं.

“वाचा,” देवस्थळी म्हणाले. “पण जे लिहिलंय तेच. एक शब्द इकडचा तिकडे नको.”

“जोडपत्रासह ना, साहेब?”

“चारशे बारा नावं?” गुळवे म्हणाले. “अहो बाई, ऊन बघा.”

देवस्थळींनी पेनाचं टोपण परत लावलं. कागद अर्धा वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि तेवढ्याच एका गोष्टीवर माझा भरवसा होता. “जोडपत्र इतिवृत्ताचाच भाग आहे,” ते म्हणाले. “सगळं वाचा.”

मी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले आणि तारीख, स्थळ, अध्यक्ष असं वाचायला लागले. पहिल्या वाक्यालाच पाठी हलल्या. आवाज ओळखला होता त्यांनी. द्रुपदाआतेचा अंबाडा एकदम ताठ झाला. आबांची मान मात्र जशीच्या तशी. कोणीही हरकत अथवा सूचना नोंदवली नाही, हे वाक्य मी वाचलं, शक्य तितकं सावकाश वाचलं, आणि काहीही झालं नाही. कचेरीची भाषा ऐकून माणूस जसा कान मिटून घेतो तसे त्यांनी मिटले होते. मी पान उलटलं.

“जोडपत्र अ. क्रमांक एक. गंगाराम भिकाजी होडेकर. दांडवेळ. तांडेल. हरकत, नाही.”

रेघेचा अर्थ वाचायचा तर प्रत्येक नावापुढे तो वाचायलाच हवा. मी शब्द इकडचा तिकडे करत नव्हते.

“क्रमांक दोन. शिवराम धोंडू पालशेतकर. दांडवेळ. मासेमारी. हरकत, नाही.”

शिवरामचा खाली असलेला खांदा वर आला. आबांच्या मानेवरच्या घड्या आवळल्या, मी पाहिलं. पण कोणी वळलं नाही. वळणार कसं? ठरलेलं मोडलं तर होडी ओढायला हात नाही, आणि ठरवणारा स्वतः पहिल्या खुर्चीत बसलेला. क्रमांक तीन, हरकत नाही. चार, नाही. पाच. पोलीस हवालदार काठी सावरून उभा राहिला. सहावं नाव झालं. मला वाटलं की मी अशीच चारशे बारापर्यंत वाचत जाणार आणि माझ्याच तोंडून, माझ्याच गावाचं, एकेका माणसाचं नाव घेऊन सगळं देऊन टाकणार.

“क्रमांक सात. द्रौपदी रामा जाक्कर. दांडवेळ. कालवं काढणे. हरकत—”

“हाय,” द्रुपदाआते म्हणाली.

ती वळली नव्हती. पाठमोरीच होती, हात मांडीवर, तोंड समुद्राकडे.

“हरकत हाय माजी. न्हाय आसा मी कंदी बोलली? चाळीस वरसं काळ्या खडपावर कालवं काढतेय. तितं तुमी कढत पानी सोडनार. कालवं मरतील ती मरतील, माज्या तोंडात कोन घास घालनार? लिवा.”

गुळवे उठून उभे राहिले. हरकती नोंदवण्याची वेळ संपली आहे, इतिवृत्त तयार झालं आहे, असं काहीसं म्हणायला लागले.

“मी सही केलेली नाही,” देवस्थळी म्हणाले. मग ध्वनिक्षेपक आपल्याकडे घेऊन त्यांनी आतेला विनंती केली की बाई, जरा इकडे तोंड करून बोला.

“तोंड न्हाय फिरवायचा, तसा ठरलाय आमचा,” आते म्हणाली. “बोलायचा न्हाय आसा बी ठरलाय, पन बोलली मी. तुमाला कान हायत ना? मग झाला.”

इंजिनिअरांपैकी एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. देवस्थळींनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे दोन महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाचे वाटले नाहीत. “लिहा,” ते म्हणाले. “सदर बाईंनी पाठमोऱ्या बसून हरकत नोंदवली, असंच लिहा. आणि ती रेघ खोडा.”

मी रेघ खोडली. क्रमांक आठचं नाव वाचलं आणि थांबले. आठव्या खुर्चीतून, पाठमोरंच, उत्तर आलं. मग नऊ. मग दहा. भिंतीमुळे बंदराचं तोंड गाळाने भरेल. मासळी सुकत घालायला वाळू राहणार नाही. प्रकल्पात नोकरी देतो म्हणता, ती आमच्यातल्या कोणत्या शिकलेल्याला? वाईट काही झालं तर आम्हाला इथून हलवायला एकच रस्ता आहे, तो घाटातला, तिथे ट्रक अडकतात, तुम्हीच आता बोललात. हे शेवटचं पहिल्या रांगेत बसलेल्या शिवरामच्या सुनेने सांगितलं. गुळव्यांनी रुमालाने मान पुसली. एकालाही मी ‘वळा’ म्हणाले नाही, आणि एकही वळला नाही. साडेचार तास मी पाठींचं बोलणं लिहून घेत होते. चार पेन्सिली संपल्या, पाचवी हवालदाराने दिली.

त्या हरकतींनी पुढे काय केलं हे विचाराल तर प्रकल्पाची फाईल दिल्लीहून चार वेळा उत्तरं मागत परत आली. आज सतरा वर्षं झाली, ती कुठल्या टेबलावर आहे मला माहीत नाही. खाडीचं तोंड अजून उघडं आहे.

पण त्या दिवशी एक नाव राहिलं होतं. ज्यांची नावं आधी वाचून झाली होती त्या सहांपैकी पाच जणांनी हात वर करून आपलं म्हणणं नोंदवलं. क्रमांक एकने केला नाही. सूर्य समुद्रावर उतरायला लागला होता आणि आबा त्याच्याकडे बघत, मांडीवर पंजे ठेवून, सकाळी बसले तसे बसले होते. त्यांच्या देखत गावाने त्यांचा शब्द मोडला होता, चारशे अकरा वेळा.

“क्रमांक एक,” देवस्थळी म्हणाले. “गंगाराम होडेकर. शेवटचं विचारतो. आपली हरकत नाही असं कायम ठेवू का?”

ते प्रमुख होते. त्यांच्या नावापुढे ‘नाही’ राहिलं असतं तर कंपनीने दिल्लीत तेवढाच कागद पुढे केला असता. सगळा मांडव वाट पाहत होता आणि मी पेन्सिल टेकवून बसले होते. पेन्सिलीचं टोक एकाच ठिकाणी रुतून कागदाला भोक पडलं.

आबा उठले. उठले आणि वळले. आख्ख्या मांडवात तेवढा एकच माणूस वळला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, देवस्थळींकडे पाहत होते.

“लिवून घ्या, बाई,” ते म्हणाले. ‘बाई’ मला होतं. “गंगाराम भिकाजी होडेकर. तांडेल. साठ वरसं दर्यात हाय. माजी हरकत हाय. पाठमोरं बसा, बोलू नका, आसा मीच गावाला सांगितला. ती चूक माजी येकट्याची, गावाची न्हाय.” ते थांबले. मला वाटलं झालं. “आनखी येक लिवा. मी इचारला व्हता. आठ दिसांमागं येका सरकारी मानसाला मी जाऊन इचारला की गप ऱ्हायला तर काय व्हतं. त्याला ठावं व्हता. तो बोलला न्हाय.”

देवस्थळी ताठ बसले. अशी माहिती दडवणं गंभीर आहे, तुम्ही नाव सांगा, मी स्वतः चौकशी लावतो, असं म्हणाले.

“नाव नको,” आबा म्हणाले. “नोकरी हाय त्याची.”

मी ते लिहून घेतलं. लघुलेखनात ते सगळं दोन ओळींत बसलं.

आठ दिवसांपूर्वी आबा होडीच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या गावी आले होते आणि माझ्या घरी चहाला बसले होते. दोन ताजी पापलेटं आणली होती. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. आम्हाला साहेबांनी तोंडी ताकीद दिली होती की प्रकल्पाबद्दल बाहेर कोणी चकार शब्द काढला तर निलंबन. सुनावणीची नोटीस मी माझ्या हातांनी टंकलिखित केली होती, नियम मला पाठ होता. मी उठून आधण पुन्हा गॅसवर ठेवलं आणि म्हणाले, “मला त्यातलं काही ठाऊक नाही, आबा. माझं काम लिहून घ्यायचं.” त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पाचच्या गाडीने गेले. मला ठाऊक आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मुलगी खोटं बोलते तेव्हा काय करते हे बापाला कळतं. तरी त्यांनी गावात जाऊन कोणाला सांगितलं नाही, पुन्हा विचारलंही नाही.

म्हणून मी नियम काढला होता मांडवात. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, तसं कोणी म्हणालं की मला लाज वाटते. आठ दिवस उशिरा केलेली ती सारवासारव होती.

नव्या हरकती घालून इतिवृत्त पुरं झालं. ते पुन्हा वाचायला हवं होतं, जोडपत्रासह. देवस्थळींनी खूण केली. मी उभी राहिले. आबा बसले नव्हते. आपलं म्हणणं नीट लिहिलंय का हे ऐकायला ते हात मागे बांधून समोर उभे होते, आणि त्यांच्या मागे चारशे अकरा पाठी.

“जोडपत्र अ. क्रमांक एक. गंगाराम भिकाजी होडेकर. दांडवेळ. तांडेल. हरकत, आहे.” त्यांचं म्हणणं वाचत गेले. शेवटच्या ओळीवर आले. “आठ दिवसांपूर्वी मी एका शासकीय कर्मचाऱ्यास विचारले होते की गप्प राहिल्यास काय होते. त्यास माहीत होते. त्याने सांगितले नाही.”

पुढे क्रमांक दोन होता. शिवराम धोंडू पालशेतकर. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, तोंडात येत नव्हतं.

“तो कर्मचारी मी,” मी म्हणाले. “सौ. कुंदा मयेकर, लघुलेखक. माहेरची कुंदा गंगाराम होडेकर. मला नियम पाठ होता. मी सांगितला नाही.”

गुळव्यांच्या हातातली फाईल टेबलावर पडली. देवस्थळींनी माझ्या हातातल्या पानाकडे बोट केलं. “हे कागदावर आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“मग वाचलंत कसं?”

“घाला, साहेब.”

त्यांनी हात पुढे केला. मी पान दिलं. आपल्या पेनाने, निळ्या शाईत, सावकाश, त्यांनी ते दोन ओळींत लिहिलं, बाजूला आद्याक्षरं केली आणि पान परत दिलं. “आता आहे,” ते म्हणाले. “वाचा.”

मला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, मी काय केलं नाही ते. वाचता वाचता खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले, आधी एक, मग पुष्कळ. मान वर करायची हिंमत नव्हती, पण केली. सगळे वळले होते. द्रुपदाआते वळली होती, शिवराम वळला होता, सगळ्या ओळखीच्या पाठींना आता तोंडं होती आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. प्रकल्पाच्या इंजिनिअरांसाठी जी माणसं वळली नाहीत ती माझ्यासाठी वळली होती, आणि त्यांच्या तोंडांवर काय आहे ते मला वाचता येत नव्हतं.

मी वाचायची थांबले. कागद हातात होता, पुढची ओळ सापडत नव्हती. मांडवात कोणी मदतीला येणार नव्हतं आणि यावं असंही मला वाटत नव्हतं.

आबा दोन पावलं पुढे आले, व्यासपीठाच्या कडेपाशी, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, “पुढचा वाच, कुंदे. मानसा खोळंबलीत.”

मी क्रमांक दोन वाचला.